चेनसॉ घ्यायची आहे: छावणीतलं अवजारांचं दुकान की बायपासवरचं मोठं स्टोर?

सिमरोलची_वाट
शनिवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त इंदूर शहरात राहतो, पण सिमरोलच्या पुढे, घाटाच्या अलीकडे वडिलांनी घेतलेली साडेतीन एकर जमीन आहे आणि जीव तिथेच असतो. परवाच्या वादळात बांधावरच्या दोन सुबाभळी मुळासकट आडव्या झाल्या आणि जुन्या कडुलिंबाची मांडीएवढी फांदी पंपघराच्या पत्र्यावर येऊन पडली. गावातला झाडं कापणारा माणूस दोनदा कबूल करून आला नाही. त्याचीही चूक नाही, वादळानंतर सगळ्यांकडे तेच काम. शेवटी आम्ही बापलेकांनी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत घेऊन दीड दिवसात एक सुबाभूळ मोकळी केली. वडील बहात्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरत होते. तेव्हाच ठरवलं, चेनसॉ घ्यायची, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या साखळीची करवत.

आज दोन ठिकाणी जाऊन आलो. इंदूरच्या छावणी भागात धान्य मंडीच्या बाजूला शेती अवजारांचं जुनं दुकान आहे, वडील तिथूनच फवारणीचे पंप घेत आलेत. मालकांनी मशीन दाखवण्याआधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. "भिया, पहले बताओ काटना क्या है?" झाड कोणतं, किती जाड, वर्षातून किती वेळा, चालवणार कोण. मग स्टिल कंपनीची एमएस १८० दाखवली, ३१.८ सीसीचं इंजिन, १६ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), किंमत बावीस हजारांच्या वर. तिथून बायपासवरच्या मोठ्या स्टोरमध्ये गेलो. तिथे ५८ सीसी, २२ इंची बार, जाडजूड डबा, सूट धरून सात हजारांच्या आत. मुलगा अदबीने बोलत होता, पण डब्यावर लिहिलेलं वाचून दाखवण्यापलीकडे त्याला काही सांगता येईना. ऑनलाइन पोर्टलवर तशीच मशीन आणखी पाचशेने स्वस्त आहे.

सीसी जवळजवळ दुप्पट, बार लांब, किंमत तिसरा हिस्सा. माझं कुठे चुकतंय? ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सांगा. पाऊस तोंडावर आलाय.


सियागंजकर
शनिवार, रात्री १०:०२

तीस वर्षं इंदूरच्या सियागंज बाजारात पंप आणि टू-स्ट्रोक इंजिनं उघडतोय. चेनसॉ विकत नाही, दुरुस्त करतो, म्हणजे या सौद्यात मला काही मिळणार नाही हे आधी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट सीसीची. डब्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मागच्या वर्षी माझ्याकडे एक मशीन आली, अंगावर ठळक ६२ सीसी छापलेलं. पिस्टन बदलायचा होता म्हणून सिलिंडर मोजला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४५ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३४ मिलिमीटर. गणित तुम्हीच करा, ५४ सीसी येतं. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण छोट्या अक्षरात बोअर आणि स्ट्रोक लिहिलेला नसेल तर तो आकडा म्हणजे नुसतं स्टिकर समजा.

दुसरं, बारची लांबी. २२ इंची बार म्हणजे जास्त ताकद असं लोकांना वाटतं. उलट आहे. बार जितका लांब तितकी चेन लांब, तितकं इंजिनावर ओझं, तितकं तेल जास्त लागणार आणि कानस मारायला दात जास्त. तुमची फांदी मांडीएवढी, सुबाभूळ फार तर नऊ-दहा इंची. १६ इंची बारने ती आरामात कापली जाते. वीस इंचांच्या खोडावर तुम्हाला वर्षातून एकदा जायचं असेल तर दोन बाजूंनी काप घेता येतो.

तिसरं वजन. एमएस १८० बार-चेनशिवाय चार किलोच्या आसपास आहे. ती मोठी मशीन साडेपाच-सहा किलो, वर बावीस इंची बार. तासाभराने खांदा उतरतो, मशीनचं नाक खाली लोंबायला लागतं आणि अपघात त्याच वेळी होतात. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या हातात ती द्यायचा विचारसुद्धा करू नका.


देवासचा_शेतकरी
रविवार, सकाळी ७:४०

काकांचा अनुभव मोठा आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. माझ्याकडे पोर्टलवरून घेतलेली ५८ सीसीची साधी मशीन आहे, तिसरं वर्ष चालू आहे. साडेसहा हजाराला पडली. तिच्यावर मी बाभळीचं निदान पंधरा गाड्या जळण काढलं असेल. एकदा स्टार्टरची दोरी तुटली, एकदा प्लग बदलला. दोन्ही घरीच केलं.

पण एक सांगतो, मला इंजिनाची आवड आहे. मशीन आल्या दिवशी सगळे नट-बोल्ट पुन्हा कसले, त्यातले चार ढिले निघाले. डब्यातली चेन दोन दिवसांत बोथट झाली, ती फेकून चांगल्या कंपनीची घातली. तेलाची नळी पिळलेली होती, सरळ केली. हे सगळं ज्याला करता येतं त्याच्यासाठी स्वस्त मशीन वाईट नाही. सुटे भाग देवासला, इंदूरला कुठेही मिळतात, कारण ही सगळी एकाच साच्यातली आहेत. बावीस हजार सगळ्यांच्या खिशात नसतात, हेही लक्षात घ्या.


सांवेरची_माहेरवाशीण
रविवार, सकाळी ११:२०

मी एकटीनेच शेती बघते, नवरा दुबईला असतो. माझा अनुभव स्थानिक दुकानाचा आहे आणि तो चांगला नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या कस्ब्यातल्या एका दुकानातून चेनसॉ घेतली. ओळखीचे म्हणून विश्वासाने गेले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, "वहिनी, बिल घेतलं तर अठरा टक्के वर जातील, घरचीच माणसं आहोत." मी ऐकलं. तीन महिन्यांनी सिलिंडर पकडला, मशीन जाम झाली. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने बिल आणि सिरीयल नंबर नोंदवल्याचा कागद मागितला, माझ्याकडे काहीच नव्हतं. दुकानदाराने तेलाचं प्रमाण तुम्हीच चुकवलं म्हणून हात वर केले. असेलही चुकलं. पण प्रमाण किती ठेवायचं हे घेताना कोणी सांगितलंच नव्हतं. मशीनबद्दल काही सांगायचं झालं तर दुकानदार माझ्या मजुरांशी बोलायचे, माझ्याशी नाही. बाईमाणसाला मशीन समजत नाही असं त्यांनी आधीच धरलेलं होतं.

याउलट मोठ्या स्टोरमधून मी गवत कापायची मशीन घेतली, पहिल्याच आठवड्यात क्लच गेला, दहा दिवसांच्या आत होती म्हणून दुसरं काही न विचारता बदलून दिली. किंमत डब्यावर लिहिलेली, माझ्यासाठी वेगळी नाही आणि माझ्या दिराला वेगळी नाही. तो मान मला तिथे मिळाला, हे मी विसरणार नाही.

म्हणून म्हणते, "स्थानिक" एवढ्या एका शब्दावर जाऊ नका. दुकान कोणतं ते बघा.


सियागंजकर
रविवार, दुपारी १२:०५

ताई, तुमचं दुखणं अगदी खरं आहे आणि आमच्या बाजारातल्या लोकांनी ते ऐकायला हवं. चेनसॉवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायच्या नादात गिऱ्हाईकाची वॉरंटी जाते. बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि दुकानाचा जीएसटी नंबर हे तिन्ही असल्याशिवाय कोणीही मशीन उचलू नये, दुकान मामाचं असलं तरी.


ओहायोहून
रविवार, रात्री ८:५०

मी मूळचा इंदूरच्या रामबागेतला, आता बावीस वर्षं अमेरिकेत ओहायोला आहे. इथे हा वाद फार जुना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इथे स्टिल कंपनीने ठरवून आपल्या चेनसॉ होम डेपो, लोज यांसारख्या मोठ्या साखळी दुकानांत ठेवल्या नाहीत. २००७ च्या सुमारास त्यांनी वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती देऊन हे उघडपणे सांगितलं होतं, की आमची मशीन तिथे मिळत नाही आणि त्याचं कारण आहे. कारण असं, की मशीन गिऱ्हाईकाला देण्याआधी दुकानदाराने ती जोडायची, पेट्रोल घालून सुरू करायची, चेनचा ताण दाखवायचा आणि नंतर दुरुस्तही करायची, ही त्यांची पद्धत. १९२६ साली श्टुटगार्टला सुरू झालेली ही कंपनी आजही बरीचशी तशीच विकते. हुस्कवार्नाने दुसरा रस्ता घेतला. ही स्वीडनची कंपनी, सुरुवात १६८९ सालची बंदुकांच्या कारखान्यापासून, चेनसॉ करायला लागली १९५९ मध्ये. त्यांच्या मशीन डीलरकडेही मिळतात आणि मोठ्या दुकानांतही. मोठ्या दुकानांत प्रामुख्याने घरगुती वापराच्या, आणि जंगलात रोज कामाला जुंपायच्या मशीन डीलरकडे.

आता माझा स्वतःचा अनुभव. पहिली चेनसॉ मी एका मोठ्या साखळी दुकानातून घेतली. मशीन वाईट नव्हती. पण हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने मेपलचं झाड गाडीच्या रस्त्यावर आडवं झालं आणि मशीन सुरू होईना. दुकानात नेली तर ते म्हणाले, आम्ही दुरुस्त करत नाही, कंपनीकडे पाठवू, तीन आठवडे लागतील. मग गावातल्या शेतीमालाच्या दुकानात गेलो. म्हातारे मालक आहेत, तिसरी पिढी. त्यांनी सांगितलं, करून देतो, पण ज्यांनी माझ्याकडून घेतल्या त्यांच्या आधी होतील. वादळानंतर त्यांच्याकडे चाळीस मशीन रांगेत होत्या. मला राग आला नाही. त्यांचंच बरोबर होतं. पुढची मशीन त्यांच्याकडून घेतली, आणि तेव्हापासून रांगेत मीही पुढे असतो.

इथे आणखी एक मधला प्रकार आहे. एस हार्डवेअर या साखळी दुकानांची पाटी सगळीकडे सारखी दिसते, पण पुष्कळ दुकानं तिथल्याच कुटुंबांच्या मालकीची असतात. तिथे मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल असतं. पाटी मोठ्या साखळीची आहे म्हणून आत माणूस नसेल असं नाही. मी आता दुकानात शिरल्यावर आधी मागे कामाचं टेबल दिसतं का ते बघतो.


महूची_टेकडी
रविवार, रात्री ११:३०

हे लिहायला मला अवघड जातंय, पण लिहितो.

माझ्या डाव्या खांद्यावर सतरा टाके आहेत. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या स्टोरमधून डबाबंद चेनसॉ आणली. डब्यात इंग्रजी आणि चिनी भाषेतलं पत्रक होतं. एक चित्र पाहिलं, पेट्रोल घातलं, सुरू केली. आंब्याच्या वाळलेल्या फांद्यांच्या गुंत्यात घुसलो. बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला लागला आणि काही कळायच्या आत मशीन उसळून माझ्या तोंडाकडे आली. याला किकबॅक म्हणतात हे मला दवाखान्यात पडल्यावर कळलं. बारच्या नाकाचा वरचा चतकोर कशालाही टेकू द्यायचा नसतो. मान वाचली, कारण मी थोडा उजवीकडे उभा होतो, एवढंच.

पुढचं काळं कव्हर, जे मी हात वाचवायची दांडी समजत होतो, तो चेन ब्रेक असतो. चांगल्या मशीनमध्ये तो झटक्यानेही लागतो, हात न लागताही. माझ्या मशीनमध्ये तो लागलाच नाही. नंतर मेकॅनिकने उघडून दाखवलं, आतली पट्टी जोडताना जागेवर बसलेलीच नव्हती. कोणी एकदा सुरू करून तपासली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळून धरायचा, मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही. हे मला पुढे छावणीतल्या एका दुकानदाराने अर्धा तास उभं राहून शिकवलं, आणि मी त्याच्याकडून मशीन घेतलीही नव्हती. सिमरोलवाले भाऊ, तुम्ही कुठूनही घ्या. पण ज्याने सुरू करून ब्रेक लावून दाखवला नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि वडिलांना जवळ उभं करू नका.


सिमरोलची_वाट
सोमवार, सकाळी ६:५०

महूचे दादा, रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागली नाही. वडिलांनाही वाचून दाखवलं. मनापासून आभार.

सियागंजकर काका, तेलाचं जरा नीट सांगाल का? आणि आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय करायचं?


सियागंजकर
सोमवार, सकाळी ९:१०

माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा मशीनमधल्या निम्म्याहून जास्त याच दोन कारणांनी आलेल्या असतात, म्हणून सावकाश वाचा.

टू-स्ट्रोक इंजिनात वेगळं इंजिन ऑईल नसतं. पेट्रोलमध्ये जे २टी ऑईल मिसळतो तेवढंच पिस्टनला वंगण. स्टिलच्या स्वतःच्या तेलाबरोबर प्रमाण १:५०, म्हणजे एका लिटरला २० मिली. बाजारातलं साधं २टी असेल तर १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. डब्बाबंद स्वस्त मशीनलाही बहुतेक १:२५ च लागतं, तरी पुस्तिका बघा. मोजमापाची बाटली चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. झाकणाने अंदाजे ओतणारे लोक नंतर नव्या पिस्टनचे पैसे भरतात. मिश्रण वेगळ्या डब्यात करून हलवायचं आणि मग टाकीत घालायचं. छोट्या मशीनची टाकी पाव लिटरची असते, पाच लिटर एकदम कालवून ठेवायची गरज नाही.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. रोज धावणाऱ्या स्कूटरला चालतं, कारण ते टिकतच नाही. चेनसॉ मात्र जूनमध्ये वापरली आणि दिवाळीला बाहेर काढली, असं आपल्याकडे होतं. तोवर टाकीत पाणी खाली आणि पेट्रोल वर. रबराची नळी फुगते, कार्बोरेटरमधला पडदा कडक होतो. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते वाचा. कालवलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

बारचं तेल वेगळं. खेड्यात सगळे ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल घालतात. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, पंप आणि बारची खाच दोन्ही खातं. शिवाय ते तुमच्याच मातीत उडतं. बारचं तेल चिकट असतं म्हणून चेनवर टिकतं. टाकीभर पेट्रोल संपता संपता तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी झाली पाहिजे. तेल तसंच भरलेलं राहिलं तर भोक तुंबलंय, लगेच थांबा.


निंबोणीखाली
सोमवार, दुपारी २:१५

थोडा विषय सोडून, पण आवश्यक. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं झाड शहराच्या हद्दीत असेल तर मध्य प्रदेशात २००१ चा नगरीय क्षेत्रातल्या वृक्षांच्या परिरक्षणाचा कायदा लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय स्वतःच्या अंगणातलंही झाड तोडता येत नाही. शेतजमिनीवर भू-राजस्व संहितेचे, म्हणजे जमीन महसूल कायद्याचे, नियम येतात, आणि लाकूड गाडीत घालून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं आधी नवरतनबागेतल्या वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. सागाच्या बाबतीत तर नक्कीच.

आणि सिमरोलवाल्या दादांना एक विनंती. लिंबाची फक्त तुटलेली फांदीच काढा. फाटलेल्या जागी खोडाच्या जवळ, पण फांदीच्या गळ्याशी जो फुगवटा असतो तो राखून काप द्या, म्हणजे झाड जखम स्वतः भरून काढतं. खालून आधी थोडी खाच पाडा आणि मग वरून कापा, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत जाते. जुना लिंब वाचण्यासारखा असेल तर वाचवा.


शहरातली_बाग
सोमवार, दुपारी ४:३०

ज्यांना फक्त बंगल्याच्या बागेत फांद्या छाटायच्या आहेत त्यांनी विजेवरची घ्यावी असं मला वाटतं. सुदामानगरला माझ्याकडे आहे, आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. शेतात मात्र व्होल्टेज पडलं की मोटर तापते, तिथे नको.


सिमरोलची_वाट
शनिवार, रात्री ८:२०

मंडळी, घेतली. तुम्ही एवढा वेळ दिलात, म्हणून काय झालं ते सगळं सांगतो.

आधी पुन्हा बायपासच्या स्टोरमध्ये गेलो. मनात धरून बसायचं नव्हतं. सांवेरच्या ताईंनी लिहिलेलं लक्षात होतं, त्यामुळे बदलून देण्याची अट नीट विचारली. दहा दिवसांत बदलून मिळते हे खरं, पण पेट्रोल घातलेलं नसेल तर. म्हणजे चालवून बघायचीच नाही आणि बिघाड मात्र त्याआधी ओळखायचा. दुरुस्ती कुठे होते विचारलं तर कंपनीचा टोल फ्री नंबर दिला. सुटी चेन आहे का विचारलं, नव्हती. बारला किती कड्यांची चेन लागते, हे कोणालाच सांगता आलं नाही. मुलाचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. त्याच रांगेत मिक्सर, पंखे आणि चेनसॉ शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

मग छावणीत. वडिलांनाही घेऊन गेलो. मालकांनी मशीन डब्यातून काढून आमच्यासमोर जोडली. बार बसवला, चेन चढवली, हातमोजा घालून ओढून दाखवली. ताण बरोबर असेल तेव्हा चेन बारच्या खाली लोंबत नाही आणि तरी हाताने सहज सरकते. मागच्या अंगणात नेऊन पेट्रोल घातलं, जमिनीवर ठेवून मागच्या मुठीवर पाय देऊन सुरू केली. चोक लावून पहिल्या ठिणगीपर्यंत ओढायचं, मग चोक अर्ध्यावर. मला तीन वेळा स्वतः सुरू करायला लावली. मग पूर्ण वेगात असताना चेन ब्रेक लावून दाखवला, चेन क्षणात थांबली. महूचे दादा, त्या वेळी तुमचीच आठवण झाली. कागदाचा पांढरा तुकडा बारच्या टोकासमोर धरून तेलाचा शिंतोडा पडतो का तेही दाखवलं.

किंमत साडेबावीस हजार. पक्कं बिल घेतलं, सिरीयल नंबरसकट. वॉरंटी कंपनीकडे त्यांनीच नोंदवली आणि मला मोबाईलवर संदेश आला तेव्हाच पुढे गेलो. आणखी एक चेन, ४ मिलिमीटरची गोल कानस तिच्या धारकासकट, एक लिटर बारचं तेल, जाळीचा चेहरा आणि कानाचं संरक्षण असलेलं हेल्मेट घेतलं. पायाला घालायची चेन अडकवणारी पँट त्यांच्याकडे नव्हती. मागवून देतो म्हणाले, आगाऊ पैसे घेतले नाहीत. ती येईपर्यंत जाड गमबूट घालतोय, पण ते पुरेसं नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

पैसे देताना वडील म्हणाले, "तुमच्याकडून पहिला पंप घेतला तेव्हा मी तिशीत होतो." मालकांनी विचारलं, तो पितळी? वडील म्हणाले, अजून आहे. मग दोघं पंधरा मिनिटं बोलत बसले आणि मी चहा आणायला गेलो.


देवासचा_शेतकरी
शनिवार, रात्री ९:०५

अभिनंदन भाऊ. माझं मत अजूनही तेच आहे की हाताला काम येत असेल तर स्वस्त मशीन चालते. पण ब्रेकचं मी या धाग्यानंतर तपासलं. झटका दिल्यावर माझ्याही मशीनचा लागत नव्हता. नुसता भुसा आणि तेल अडकून दाबला गेला होता. साफ केला, आता लागतो. तीन वर्षं मी तशीच चालवत होतो.


सिमरोलची_वाट
दोन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:१५

काम कसं झालं ते सांगायचं राहिलं होतं.

दुसरी सुबाभूळ अडीच तासांत झाली. आधी बारक्या फांद्या काढल्या. खोडाचा एक भाग जमिनीपासून उचललेला होता आणि दुसरा दाबलेला, त्यामुळे कुठून चिमटा बसेल हे बघून काप घेतले. तरी एकदा बार अडकला. मालकांनी सांगितल्याप्रमाणे मशीन बंद करून लाकडी पाचर ठोकली आणि सोडवला.

दुसऱ्या दिवशी लिंबाची फांदी. निंबोणीखाली यांनी सांगितलं तसं खालून खाच, मग वरून काप, शेवटी गळ्याचा फुगवटा राखून. झाड उभं आहे. पंपघराचे दोन पत्रे बदलावे लागले.

चूकही झाली. तिसऱ्या तासाला चेन जमिनीला टेकली. आपली काळी माती आणि तिच्यातले खडे. एका सेकंदात धार गेली. आधी लाकडाच्या ढलप्या उडत होत्या, नंतर नुसती पिठासारखी पूड पडायला लागली आणि मशीन एका बाजूला ओढायला लागली. दुसरी चेन घातली. जुनी घेऊन सोमवारी ऑफिस सुटल्यावर छावणीत गेलो. मालकांच्या मुलाने टेबलावर धरून माझ्याकडूनच कानस मारून घेतली. प्रत्येक दाताला तेवढेच घास, आतून बाहेर, एकाच दिशेने. अर्ध्या दातांना मी चार घास दिले आणि बाकीच्यांना सहा, ते त्याने लगेच ओळखलं आणि पुन्हा सगळे करायला लावले. पैसे घेतले नाहीत. पाऊण तास त्यांचं दुकान बंद व्हायला उशीर झाला.

वडील आता मशीन चालवत नाहीत, पण कानस त्यांच्याकडे आहे. ती माझ्यापेक्षा त्यांची चांगली चालते. विळे-खुरप्यांना धार लावून हात बसलेला आहे.


सांवेरची_माहेरवाशीण
रविवार, रात्री ८:४०

दादा, माझी बंद पडलेली मशीन अजून कोठारात आहे. बिल नाही, पण पैसे देऊन दुरुस्त करून घ्यायची तयारी आहे. ते दुसऱ्या दुकानाची मशीन हातात घेतील का? आणि माझ्याशी बोलतील का, की सोबत कोणाला आणायला लागेल?


सिमरोलची_वाट
सोमवार, दुपारी १:३०

ताई, आत्ताच जेवणाच्या सुट्टीत जाऊन विचारून आलो. घेतील. सिलिंडर उघडून बघितल्यावरच खर्च सांगतील, आणि नवी घेण्यापेक्षा महाग पडत असेल तर तसं स्पष्ट सांगतील. तुम्ही एकट्याच या. मी सांगितलं की ताई स्वतः चालवतात. ते म्हणाले, मग त्यांनाच सगळं दाखवावं लागेल, शनिवारी अकराच्या आत या म्हणावं, नंतर मंडीची गर्दी होते.

बारवर चेनची माहिती कोरलेली असते, तो आकडा आणि कड्या किती ते लिहून आणा. इंधनाची टाकी रिकामी करून आणा.


सांवेरची_माहेरवाशीण
सोमवार, दुपारी २:१०

येते. बारवर .३२५ लिहिलंय. कड्या मोजल्या, ७२ भरल्या.